शनिवारी लूमच्या शेडमध्ये कोण कोण होतं?

धोटा
रविवार, सकाळी १०:२०

काल रात्री सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या शेडमध्ये जे झालं ते आत्ताच लिहून ठेवतोय. सकाळपासून तिघांना फोनवर सांगितलं आणि तिघांना वेगवेगळं सांगितलं. अजून दोनदा सांगितलं तर नेमकं काय झालं ते मलाच आठवायचं नाही.

पत्ता इथे टाकत नाही, मालकांनी नको म्हटलंय. ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: चोवीस मागांची शेड, टॉवेलचं काम. त्यातले बारा माग विकले, आठ झाकून ठेवलेत, चार चालू. विकलेल्या मागांची जी जागा मोकळी झाली तिथे मालकांची पोरगी आणि तिचे चार-पाच दोस्त गेल्या दिवाळीपासून महिन्यातून एका शनिवारी गाणंबजावणं ठेवतात. तिकीट नाही. दाराशी रंगाचा रिकामा डबा असतो, जाताना जे जमेल ते त्यात टाकायचं. स्टेज नाही. खाली सतरंज्या, भिंतीला टेकून सुताचे गठ्ठे, म्हाताऱ्या माणसांना त्यावर बसवतात. पंख्याच्या पात्यांवर कापसाची पिंज, आणि वास तेलाचा. नवी शर्ट घालून जाऊ नका, एवढंच सांगतो.

सुरुवात वचनांनी, म्हणजे कानडी भक्तिरचनांनी झाली. गाणारे काका मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. पेटी स्वतःच वाजवतात, काळी दोनमध्ये. गायच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणाले, "समोरची माणसं स्पष्ट दिसली की माझा सूर हलतो." आणि सिद्धरामेश्वरांची वचनं घेतली. आपण सोलापूरकर दर संक्रांतीला नंदीध्वजाच्या मागे चालतो, बाराबंदी घालतो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून घसा बसवून घेतो. पण आपलं ग्रामदैवत म्हणजे बाराव्या शतकातला एक कवी आहे, हे किती जणांच्या लक्षात असतं? माझ्या तरी नव्हतं. मला कानडी बाजारापुरतं येतं. वचनाच्या शेवटी "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" ही त्यांची मुद्रा येते, एवढंच ओळखू येत होतं. म्हणून प्रत्येक वचनात मी त्या दोन शब्दांची वाट बघत बसलो, आणि ते आले की पाहुणा वेळेवर आल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या वचनाला पाऊस आला. सप्टेंबरातला आपला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, येत नाही, आला की कोसळतो. वर पत्रा. काकांचं तोंड हलताना दिसत होतं आणि ऐकू येत होता फक्त पत्रा. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, चष्मा घातला आणि सगळ्यांकडे बघून हसले. वीस-पंचवीस मिनिटं कार्यक्रम बंद. कुणीतरी कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी काढली. अनोळखी माणसं एकमेकांच्या भाकरीचा तुकडा मोडत होती.

आता खरी गोष्ट. पुढचा नंबर हलगीचा होता. हलगीवाले मामा पन्नाशीचे असतील, सोबत भाचा. पाऊस उघडल्यावर मामांनी टिपरू मारलं तर आवाज आला "धप्प". ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. कातडं सर्द हवेत उतरलं होतं. एरवी हलगीवाले कागद, पाचट पेटवून तापवतात, पण शेडमध्ये सूत, चहूकडे पिंज. आत काडी पेटवायची नाही हे मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. बाहेर सगळं ओलं. मामा दाराशी हलगी घेऊन उभे, कपाळाला आठी.

बोळाच्या तोंडाशी कणसं भाजणारी एक गाडी उभी असते. पावसामुळे त्याने ती शेडच्या पडवीखाली ढकलून आणली होती. शेगडी फुललेली. मामा काही न बोलता तिकडे गेले, हलगी निखाऱ्यांवर वीतभर वर धरली आणि हळूहळू फिरवायला लागले, आपण जोंधळ्याची भाकरी फिरवतो तशी. कणीसवाल्याने दोन कणसं बाजूला सारली आणि हातातला पंखा थांबवला नाही. दर थोड्या वेळाने मामा अंगठ्याने कातडं दाबायचे, बोटाने टिचकी मारायचे, कान लावायचे, परत फिरवायचे. धप्प. धप्प. टप्प. टण्ण. चाळीस-पन्नास माणसं दारात, खिडकीत गोळा होऊन ते बघत होती. एकाने विचारलं, झालं का ओ? मामा म्हणाले, "चढायलीय." आणि मग त्यांनी एकच टिपरू मारलं, ते "कडाक्" पार बोळाच्या टोकापर्यंत गेलं. गाडीवरचं कणीस घ्यायला आलेलं पोरगं दचकून मागे सरलं.

नंतर पाऊण तास हलगी आणि संबळ. ते लिहिता येत नाही मला. संबळवाले गोंधळी तुळजापूर रोडकडचे, दोघांनी आधी एकत्र कधी वाजवलेलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं एकमेकांना जोखत होते, मग भाच्याने एक चूक केली, संबळवाल्याने ती चूक उचलून तशीच वाजवून दाखवली, सगळे हसले, आणि तिथून दोघं मोकळे सुटले.

दहाला दोन मिनिटं असताना मालकांच्या पोरीने माइक बंद केला. पुढचं ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा. मी तेव्हा मागच्या बाजूला सतरंज्या उचलत होतो, मला अर्धंच दिसलं.

*

कडकभाकरी
रविवार, सकाळी ११:०५

मी होते. आणि ती भाकरीची चळत माझी होती, "कुणीतरी" नाही!! दोन डझन आणल्या होत्या. घरून निघताना सासूबाई म्हणाल्या, गाणं ऐकायला चाललीस का लग्नाला. शेवटी एक उरली.

दुरुस्ती: पाऊस तिसऱ्या नाही, दुसऱ्या वचनाला आला. तिसरं त्यांनी पाऊस उघडल्यावर घेतलं, पेटीशिवाय. ते तुम्ही विसरलात म्हणजे तुम्ही कणसाच्या गाडीपाशी होतात.

*

धोटा
रविवार, सकाळी ११:१२

होतो. कबूल.

*

दादरवाला_सोलापूरकर
रविवार, दुपारी १२:४०

मला कुणी हे का सांगितलं नाही की खरी मजा दहानंतर आहे? सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची होती, साडेनऊला संबळ ऐन रंगात असताना उठलो. रिक्षा मिळाली नाही, पावसात कुंभार वेशीपर्यंत चालत गेलो. बूट भिजले. गाडीत वरच्या बर्थवर पडून मोबाइलमध्ये केलेलं रेकॉर्डिंग लावलं तर त्यात नुसता माझ्या शेजारच्या माणसाचा खोकला. दादरला उतरेपर्यंत झोप नाही.

कुणाकडे नीट रेकॉर्डिंग आहे का?

*

साउंडवाला
रविवार, दुपारी १:३०

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना विचारल्याशिवाय टाकणार नाही. मामांनी होकार दिलाय, दिवाणजी काकांना आज संध्याकाळी भेटतोय. शेवटी तेलुगू गाणं म्हणणाऱ्या त्या अव्वांच्या घरी कुणी ओळखतं का, तेही बघतो.

शेडच्या आवाजाबद्दल थोडं सांगतो, कारण लोक विचारतायत की गेल्या खेपेपेक्षा कालचं इतकं स्पष्ट कसं ऐकू आलं. दिवाळीला पहिला कार्यक्रम केला तेव्हा मी हात टेकले होते. समोरासमोर दोन सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, खाली फरशी. एक शब्द बोललं की तो चार वेळा परत यायचा. माइकचा आवाज जरा वाढवला की शिट्टी. मी म्हणालो, फोम लावू, खर्च सांगितला, पोरं गप्प बसली. मालकांनी दुसऱ्या दिवशी गोदामातला सेकंडचा माल काढला. सूत तुटलेल्या, काठ वाकडे गेलेल्या चादरी, विटलेल्या रंगाचे टॉवेल. दोऱ्या बांधून भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ते टांगले. भिंतीला चिकटवून लावलेल्या कापडापेक्षा अंतर सोडून टांगलेलं कापड आवाज जास्त खातं, हे त्यांना मी नाही सांगितलं. वाळत घालायची सवय म्हणून तसं झालं. जाड टॉवेल तर उत्तमच, त्याला ते छोटे छोटे फासे असतात ना.

त्यात काल शंभराच्या वर माणसं. माणूस हाही आवाज खाणाराच पदार्थ आहे. फक्त त्याने खोकू नये (दादरवाला, तुमच्या शेजाऱ्याचा खोकला माझ्याकडेही आहे).

पत्र्यावरच्या पावसाला मात्र उपाय नाही. त्याच्यावर वरून पोती टाकायची एक कल्पना आहे, बघू.

*

टिपरू
रविवार, दुपारी ३:१५

आजकाल नव्वद टक्के ठिकाणी फायबरचं पान लावलेली हलगी वाजते. तापवायला नको, पावसात उतरत नाही, फाटत नाही. मी स्वतः वरातीत तीच वाजवतो. दिवसभर पाच ठिकाणी सुपारी असते, प्रत्येक ठिकाणी जाळ कुठे करत बसू? मंगल कार्यालयवाला हाकलून देईल. तेव्हा फायबरला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक लग्नसराई आमच्यासोबत फिरून दाखवावी.

पण खरं सांगायचं तर कालचं "कडाक्" फायबरमधून निघत नाही. फायबरचा आवाज चढलेलाच असतो, तो उतरूच शकत नाही, म्हणून त्यात वरखाली काही नाही. कातडं वाजवता वाजवता गार होतं, उतरत जातं, आणि वाजवणारा त्या उतरण्याप्रमाणे हात बदलतो. काल लक्ष दिलं असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत मामांनी मधला ठोका सोडून काठावरच खेळ केला. ते कलाकारी म्हणून नाही, कातडं मधे उतरलं होतं म्हणून. तो बारीक काडीचा डावा हात बघितला का कुणी? मी फक्त तेवढाच बघत होतो.

त्यांना गाडीवर परत एकदा तापवून आणा म्हणणार होतो, पण कणीसवाला आत येऊन बसला होता, शेगडी विझलेली.

*

कडकभाकरी
रविवार, दुपारी ३:३०

कणीसवाल्याला मामा पैसे देत होते, त्याने घेतले नाहीत. म्हणाला, आत जागा द्या. मग त्याला माझ्या शेजारीच बसवलं. सगळ्या शेडमध्ये भाजक्या कणसाचा वास आणि हलगीतून जळक्या केसाचा. हे धोटा यांनी लिहिलंच नाही.

*

नियमपुस्तक
रविवार, संध्याकाळी ५:५०

कार्यक्रमाचं कौतुक आहेच, पण एक मुद्दा. ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की माइक बंद केला की झालं. तसं नाही. नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. सवलत फक्त बंदिस्त जागेला, म्हणजे सभागृह, समाजमंदिर वगैरे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-सांस्कृतिक प्रसंगी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते ठरलेले दिवस असतात, आपला शनिवार त्यात नव्हता. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५.

आता लूमची शेड ही "बंदिस्त जागा" का? खिडक्यांना काचा नाहीत. मी आपला विचारतोय.

*

साउंडवाला
रविवार, संध्याकाळी ६:१०

साहेब, म्हणूनच दहाला दोन मिनिटं कमी असताना बंद केलं. हलगी-संबळही तेव्हाच थांबली. दहानंतर जे वाजलं ते बेंजो, आणि तेही वायर काढून.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: वरातीत जो बेंजो असतो, टाइपरायटरसारख्या बटणांचा, तो मुळात बुलबुलतरंग. गाडीवरच्या भोंग्यातून वाजला की सात रस्त्यावरून विजापूर वेशीपर्यंत जातो, पण वायर काढली तर डास गुणगुणावा तेवढाच. ते पोरगं रोज वरातीत वाजवतं, तेच चार-पाच ठेके, तीच चढी चाल. काल वायर काढून त्याने मांडीवर घेतला आणि संथ आलापासारखं काहीतरी वाजवलं. पहिल्या दोन ओळींच्या पुढे कुणालाच ऐकू गेलं नाही. मागचे लोक उठून पुढे आले, मग त्यांच्या मागचे. शेवटी सगळी शेड त्या पोराभोवती दाटीवाटीने बसली होती, गुडघ्याला गुडघा. त्याला इतक्या जवळून कुणी ऐकलेलं नसावं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी मीटर लावून बघितलं नाही, पण ४५ डेसिबलच्या आतच असणार. बाहेरचे बेडूक जास्त होते.

*

नियमपुस्तक
रविवार, संध्याकाळी ६:१८

मग हरकत नाही. मी येत जाईन म्हणतो.

*

जुनी_मिल
रविवार, रात्री ८:४५

मी यायला हवं होतं, पण आता जिना आणि पाऊस दोन्ही जमत नाहीत. शेजारच्या पोराने वाचून दाखवलं, त्यालाच सांगून हे टाइप करून घेतोय.

वडील जुन्या मिलमध्ये होते. १८७७ला सुरू झालेली गिरणी ती. भोंग्यावर घरचं घड्याळ लागायचं. बार्शीच्या अमर शेखांची गाणी वडिलांना पाठ होती, पण म्हणायचे ती फक्त पाळी संपवून येताना, रस्त्याने. घरात म्हणाले नाहीत कधी. आम्ही पोरं कोपऱ्यावर उभी राहून त्यांची वाट बघायचो ती त्यासाठीच.

तुमच्या लिहिण्यात वचन, गोंधळ, बेंजो असं सगळं एका जागी आलं ते वाचून शाहीर राम जोशी आठवले. ते आपल्या सोलापूरचे, पेशवाईच्या उतरत्या काळातले. घरात वेदपठण, भाऊ मुद्गल पुराण सांगणारे, आणि हा तमाशाच्या फडात. घरातून काढलं. मग पंढरपुराला जाऊन संस्कृत शिकले, पुढे कीर्तनही केलं. १९४७ साली त्यांच्यावर सिनेमा आला, जयराम शिलेदार त्यात राम जोशी. आमच्या आईने तो थेटरात तीनदा बघितला होता. तर या माणसाने एकाच लावणीत मराठी, कानडी, हिंदी, संस्कृत अशा भाषा मिसळल्या. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. आपण भाजी घेताना तेच करतो. त्यांच्याकडे तेलुगू तेवढी राहिली होती, ती तुमच्या अव्वांनी भरून काढली असं दिसतंय. पण ते अव्वांचं कुणी नीट लिहिलंच नाही अजून. नुसतं अव्वा अव्वा करालाय.

*

विजापूर_वेस
रविवार, रात्री ९:३०

मी लिहिते. मी पुढेच होते.

बेंजो संपला तेव्हा साडेदहा झाले असतील. लोक उठायला लागले. मागच्या गठ्ठ्यावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी नाही, साधी गोल साडी, पदर खोचलेला. त्या आल्यापासून गप्प होत्या. उठल्या, झाकलेल्या मागांपाशी गेल्या, तिथे रंगीत सुताच्या कांड्यांनी भरलेली टोपली होती ती दोन्ही हातांनी उचलली, मधल्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. मालकांची पोरगी धावत गेली, अव्वा काय करताय, राहू द्या. त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. पोरगी हसायला लागली. नंतर तिने सांगितलं: त्या म्हणाल्या, तीस वर्षं याच शेडमध्ये कांड्या भरल्या, टोपली कुठे ठेवायची ते मला सांगू नको.

आणि टोपलीभोवती टाळी वाजवत फिरायला लागल्या. बतुकम्मा. नवरात्राला अजून वेळ होता, पण त्यांना तेवढी वाट बघायची नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेलुगू बायका भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस फुलांची रास रचून तिच्याभोवती फेर धरतात. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू, गोल गोल थर देऊन उंच रचायची. पूर्व भागात लहानपणापासून बघितलंय, पण ते अंगणात, लांबून. वाद्य काही नाही. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या "उय्यालो" म्हणून झोका देतात, आणि टाळी. काल फुलं नव्हती, तर लाल-पिवळ्या-हिरव्या कांड्यांची टोपली.

पहिले दोन फेर एकट्याच. आवाज थरथरता, मधेच श्वास तुटायचा. मग मालकीणबाई उतरल्या, मग त्यांची पोरगी, मग बोळातल्या चार-पाच बायका, ज्या इतका वेळ दारातूनच बघत होत्या. मग मी. मला एक शब्द येत नाही तेलुगूचा, पण "उय्यालो" कुणालाही म्हणता येतं. दिवाणजी काका बाजूला उभे राहून टाळी धरत होते. म्हणाले, "आमच्यात आईला अव्वा म्हणतात, यांच्यात आजीला." एवढं बोलून त्यांनी परत चष्मा काढला.

किती वेळ चाललं ते विचारू नका. कडकभाकरी, तुम्ही पण होतात ना फेरात? तुमच्याच पायावर पाय दिला मी.

आता एक तक्रार. शेडला बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. मालकांचं घर दोन बोळ पलीकडे, तिथे जावं लागतं, पावसात, अंधारात. माझ्यासोबतच्या दोघी त्याच कारणाने मध्यंतरातच घरी गेल्या. डब्यात जे पैसे जमतात त्यातून आधी ते करा, चादरी नंतर टांगा. आणि रात्री अकरानंतर त्या भागातून रिक्षा मिळत नाही, तेव्हा पुढच्या वेळी कोण कोण कुठल्या बाजूला जाणार ते आधीच ठरवून या.

*

धोटा
रविवार, रात्री ९:५०

स्वच्छतागृहाचं मालकांना आजच सांगितलं. मागे रंगाची जुनी खोली आहे, तिचं काही करता येईल म्हणालेत. डब्यात काल ६,३४० रुपये जमले. मामा, भाचा, संबळवाले, दिवाणजी काका आणि बेंजोवाला मिळून ५,५०० दिले, दिवाणजी काकांनी त्यांचे भाच्याच्या खिशात कोंबले. ८४० उरलेत.

*

बोळातला
सोमवार, सकाळी ७:१५

मी त्या बोळातच राहतो, शेडच्या समोरच्या घरात. दोन दिवस तुमचं कौतुक वाचतोय. आता आमचंही ऐका.

माझ्या पोरीची आज परीक्षा. शनिवारी संध्याकाळी सातपासून तिला अभ्यासाला बसवलं आणि समोर हलगी. ते "कडाक्" बोळाच्या टोकापर्यंत गेलं म्हणून तुम्ही लिहिलंय, ते आमच्या घरातूनच गेलं. तुमच्या गाड्या दारासमोर. माझी मोटरसायकल बाहेर काढता आली नाही. दहाला बंद केलंत, त्याबद्दल तक्रार नाही, पण पुढच्या वेळी बोळातल्या लोकांना आधी सांगा. दहावी-बारावीवाली घरं आहेत.

आणि दुसरं. ज्या "अव्वा" म्हणताय ती माझी आई आहे. घरात कुणाला न सांगता गेली. आम्हाला वाटलं देवळात गेली असेल. सव्वाअकराला घरी आली, साडी घोट्यापर्यंत भिजलेली. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जिने चढू नका सांगितलंय, आणि ही गोल फिरून आली! काल दिवसभर पाय तेल लावून बसली होती. मी रागावलो तर म्हणाली, मशीन चालू असताना दिवसाचे बारा तास उभी राहिले तेव्हा तुला माझे गुडघे दिसले नाहीत का.

यावर मला काही बोलता आलं नाही.

*

धोटा
सोमवार, सकाळी ७:४०

दादा, चुकलं आमचं. पुढच्या वेळी आठ दिवस आधी घरोघरी सांगू आणि गाड्या मैदानात लावायला लावू. परीक्षांच्या दिवसांत ठेवणार नाही, तारीख तुम्हाला विचारूनच ठरवू. पोरीला पेपर चांगला जाऊ दे.

*

साउंडवाला
सोमवार, सकाळी ८:०५

दादा, आईंचं गाणं माझ्याकडे रेकॉर्ड झालंय. त्यांनी नको म्हटलं तर पुसून टाकतो. हो म्हणाल्या तर आधी तुम्हाला पाठवतो, मग बाकीच्यांना.

*

बोळातला
सोमवार, दुपारी २:२०

पेपर बरा गेला म्हणते.

आईला विचारलं. आधी ऐकवा, मग सांगते म्हणाली. दुसऱ्या ओळीत आपण एक शब्द चुकलो असं तिला वाटतंय.

अजून एक. तिची उजव्या पायातली चप्पल बदलली आहे त्या रात्री. डावी तिची, उजवी कुणाची तरी, एक नंबर मोठी. निळा पट्टा. कुणाकडे आहे?

*

कडकभाकरी
सोमवार, दुपारी २:२६

अगं बाई. माझ्याकडे आहे. दोन दिवस मला वाटतंय पाय सुजलाय.

संध्याकाळी आणून देते. सोबत भाकरी आणू की नको?

*

बोळातला
सोमवार, दुपारी २:४०

आणा. चटणी आमच्याकडे आहे.